‘सेमच आहे’ हे कोणी ठरवायचं?

“काका, आय-सेव्हनच आहे, ट्वेल्थ जनरेशनच आहे. सेमच आहे.” कोल्हापुरातल्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा मुलगा मला समजावून सांगत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या समोरच्या स्क्रीनवर तेवढंच दिसत होतं. माझ्या भाचीचा लॅपटॉप अकरा महिन्यांत चौथ्यांदा तिथे आला होता. कंपनीने अखेर तो बदलून द्यायचं कबूल केलं होतं, आणि बदली म्हणून पुढे केलेल्या मॉडेलचं नाव, पिढी, अगदी रंगसुद्धा जुन्याशी जुळत होता. मी होकार देणारच होतो. तेवढ्यात भाचीने दोन्ही प्रोसेसरांची पूर्ण नावं मोबाइलवर काढून माझ्यासमोर धरली. एकाच्या शेवटी ‘एच’ होता, दुसऱ्याच्या शेवटी ‘यू’.

त्या एका अक्षरात किती अंतर आहे ते मला त्या दिवशी कळलं. तिचा आधीचा प्रोसेसर आय-सेव्हन १२७००एच. त्यात १४ कोअर, त्यातले ६ वेगवान, आणि तो ४५ वॅटच्या हिशेबाने बांधलेला. पुढे केलेला होता आय-सेव्हन १२५५यू. त्यात १० कोअर, वेगवान त्यातले फक्त २, आणि हिशेब १५ वॅटचा. हा दुसरा वाईट मुळीच नाही. बॅटरी जास्त वेळ टिकावी, मशीन हलकं असावं, पत्रं लिहावीत, तक्ते करावेत, यासाठी तो उत्तम. पण भाची आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होती. तिला इमारतीचं त्रिमित मॉडेल करून त्यावर प्रकाश-सावली चढवायची होती, म्हणजे रेंडरिंग करायचं होतं, आणि त्यासाठीच मेव्हण्यांनी हप्त्यांवर ८२ हजारांचा लॅपटॉप पाडव्याला घेतला होता. नव्या मॉडेलात वेगळं ग्राफिक्स कार्डही नव्हतं. स्क्रीनही रंग कमी दाखवणारा होता.

तेव्हापासून मला एका प्रश्नाने धरून ठेवलं आहे. वॉरंटीत वस्तू बदलून मिळते तेव्हा बदली वस्तू मूळ वस्तूइतकी आहे की नाही, हे मोजण्याचं माप कोणाच्या हातात असतं? आज ते पूर्णपणे देणाऱ्याच्या हातात आहे. माझं म्हणणं असं की ते माप घेणाऱ्याच्या उपयोगावरून ठरलं पाहिजे, ते कागदावर दिसलं पाहिजे, आणि कोण किती भांडतो यावर ते अवलंबून असता कामा नये.

आपल्याकडे ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आहे. किराणा दुकानदाराने किलोला नऊशे ग्रॅम दिले तर त्याला आपण पाप म्हणतो. पण तेवढ्यावर समाज थांबला नाही. वजनं तपासायला, त्यांच्यावर शिक्का मारायला वैधमापन शास्त्र विभाग आहे, त्यामागे २००९ चा कायदा आहे. किलो म्हणजे किती हे दुकानदाराने ठरवायचं नाही, हे आपण केव्हाच मान्य केलंय. साखरेच्या बाबतीत जे इतकं उघड आहे, ते पाऊण-एक लाखाच्या यंत्राच्या बाबतीत मात्र आपण कंपनीच्या गोदामात त्या आठवड्यात काय शिल्लक आहे त्यावर सोडून देतो.

मुळात वॉरंटी ही कंपनीची मेहेरबानी असते, ही समजूत आधी काढून टाकायला हवी. काउंटरवर आपला आवाज अजिजीचा होतो तो याच समजुतीपायी. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्यात या कामाचा वाटा मोठा होता. विकणाऱ्याला गाडीतला दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो, आणि या अज्ञानाने अख्खा बाजार नासू शकतो, हा त्यांचा मुद्दा. त्यावरच्या उपायांत हमी हा एक उपाय त्यांनी सांगितला, कारण हमी दिली की दोषाची जोखीम घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे जाते. लॅपटॉपला हे जुन्या मोटारीपेक्षाही जास्त लागू पडतं. मोटारीचं बॉनेट तरी उघडून बघता येतं. मदरबोर्डवरचा सांधा कच्चा आहे का, हे दुकानात उभं राहून कोणालाच दिसत नाही. आपण ८२ हजार मोजतो ते ‘तो दोष आमच्या माथी’ या वचनासकट. त्या वचनाची किंमत पहिल्या दिवशीच चुकती झालेली असते. मग बदली मागताना घासाघीस कसली? घासाघीस किंमत ठरण्याआधी करायची असते.

तरीही ती करावी लागते, याचं एक कारण कायद्याच्या इतिहासात आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात ‘कंडिशन’ आणि ‘वॉरंटी’ असे दोन वेगळे शब्द आहेत. कंडिशन मोडली तर माल नाकारता येतो. वॉरंटी मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. या अर्थाने वॉरंटी हा दुय्यम दर्जाचा शब्द आहे, आणि ती मनोवृत्ती आजही कायम आहे: आधी दुरुस्ती, मग पुन्हा दुरुस्ती, बदली अगदीच नाइलाज झाला तर. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात म्हटलं की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल, तर तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून द्यायचा आदेश देता येत नाही. गाडीचा क्लच निराळा काढता येतो हे खरं. पण लॅपटॉपचा मदरबोर्ड हा ‘एक भाग’ म्हणायचा का? तो गेला की उरतो तो डबा, पडदा आणि कीबोर्ड.

ग्राहक संरक्षण कायद्याने मात्र या बाबतीत पाऊल पुढे टाकलं आहे, आणि ते किती पुढे आहे हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं. २०१९ च्या कायद्याचं ३९वं कलम ग्राहक आयोगाला जे आदेश देण्याचा अधिकार देतं, त्यात एक असा आहे: सारख्याच वर्णनाची, नवी आणि कोणताही दोष नसलेली वस्तू बदलून द्यावी. पुढचा आदेश किंमत व्याजासह परत करण्याचा. ‘नवी’ हा शब्द तिथे स्पष्ट आहे. आता आपल्या लॅपटॉपबरोबर आलेली वॉरंटीची बारीक अक्षरातली पुस्तिका काढून बघा. बहुतेकांत लिहिलेलं असतं की बदली वस्तू किंवा सुटा भाग नवा असेल, किंवा नव्याच्या तोडीचा दुरुस्त केलेला असेल. भाचीच्या मशीनमध्ये दोनदा बसवलेला बोर्ड असा ‘नव्याच्या तोडीचा’ होता. तो कोणाच्या तरी बंद पडलेल्या मशीनमधून निघून, दुरुस्त होऊन आला होता आणि दोन महिन्यांत पुन्हा गेला. कंपनीच्या पुस्तिकेत एक माप आणि देशाच्या कायद्यात दुसरं, अशी ही स्थिती आहे. आपण आयोगापर्यंत गेलो नाही तर पहिलंच माप चालतं.

या मापाची परीक्षा अमेरिकेत एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाली. २००८ च्या जुलैत एनव्हिडिया या चिप कंपनीने जाहीर केलं की तिच्या काही लॅपटॉप चिपांचं आवरण आणि जोडणीचं साहित्य कमकुवत निघालं आहे, आणि दुरुस्तीच्या खर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिप गरम-थंड होऊन सांधे सुटत आणि पडदा काळा पडे. डेल, ॲपल, एचपी अशा अनेकांच्या लॅपटॉपमध्ये त्या चिपा होत्या. ग्राहकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१० च्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने तडजोड मंजूर केली. एचपीच्या ग्राहकांना दुरुस्तीऐवजी बदली लॅपटॉप मिळणार होता, सारख्या प्रकारचा आणि सारख्या मोलाचा. प्रत्यक्षात बहुतेकांना कॉम्पॅकचं एकच साधं, स्वस्तातलं मॉडेल देण्यात आलं.  हे सारख्या मोलाचं नाही, अशी हरकत काही ग्राहकांनी न्यायालयात घेतली. ती फेटाळली गेली.

मधल्या काळात संगणक स्वस्त झाले होते, जुने लॅपटॉप काही वर्षं वापरून झालेले होते, नवा साधा लॅपटॉप काही बाबतींत जुन्या महागड्यापेक्षा वेगवानही होता, हे मला कळतं. न्यायाधीशांच्या जागी बसून पाहिलं तर तो निर्णय अगदीच अनाकलनीय नाही. पण समजा, त्यांतला एखादा माणूस पडद्यावर पेनाने चित्र काढत होता; त्याच्या दृष्टीने बघा. त्याला वेग मिळाला आणि पेन गेलं. ज्या गुणासाठी त्याने पैसे मोजले तोच गुण हिशेबातून गळाला. वस्तूची तुलना करताना वेग, साठवण, आकार असे आकडे मांडता येतात म्हणून तेवढेच मांडायचे, आणि माणूस त्या वस्तूने काय करत होता ते विचारायचंच नाही, ही त्या प्रकरणातली मला सर्वांत मोठी चूक वाटते. कोल्हापूरच्या काउंटरवर त्या चुकीची छोटी आवृत्ती मी पाहिली.

आता कंपनीची बाजू. ती मांडल्याशिवाय हा लेख एकांगी होईल. काही ग्राहक चहा सांडून ‘आपोआप बंद पडला’ म्हणतात. या धंद्यात ‘सीआयडी’ असा शब्दच आहे, म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान. काउंटरवर बिजागरीजवळचा ओरखडा टॉर्चने तपासतात तो त्यासाठी. मॉडेलं वर्षभरात बंद होतात, मग तेच आणायचं कुठून? शिवाय अकरा महिने वापरलेल्या वस्तूच्या बदल्यात कोरी वस्तू दिली तर ग्राहकाला अकरा महिन्यांचा वापर फुकट मिळाला, असंही कोणी म्हणेल. यातला शेवटचा मुद्दा मी बराच काळ डोक्यात घोळवला. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने त्याची एक समंजस वाटणी केलेली आहे. एक दुरुस्ती फसली की ग्राहक वस्तू परत करू शकतो. पहिल्या सहा महिन्यांत तसं केलं तर मोटारी सोडून इतर वस्तूंसाठी वापरापोटी पैसे कापायचे नाहीत, त्यानंतर कापता येतात. आणि त्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातलाच होता असं धरून चालायचं, तसं नसेल तर विकणाऱ्याने सिद्ध करायचं. युरोपीय संघात हा काळ आता किमान एक वर्षाचा आहे.

आपल्याकडे दुरुस्तीचे किती प्रयत्न झाले म्हणजे पुरे, याची अशी मोजणी कायद्यात नाही. दोष मुळातला आहे हे बहुधा आपणच पटवून द्यायचं. वस्तू प्रयोगशाळेत तपासायची वेळ आली तर चाचणीचं शुल्क आयोग तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. आणि वापराचा हिशेब करायचाच असेल तर पुरा करावा. भाचीचा लॅपटॉप चार खेपांत ६, १४, १७ आणि १२ दिवस सर्व्हिस सेंटरमध्ये होता. हे झाले ४९ दिवस. त्यातले १७ तिच्या सबमिशनच्या आधीचे. त्या दिवसांत ती मैत्रिणीचं काम संपण्याची वाट पाहून रात्री अकरानंतर तिच्या मशीनवर बसायची. सांगली ते कोल्हापूर एसटीच्या खेपा, त्यासाठी बुडालेले दिवस, हे कुठल्या रकान्यात धरायचं? बदली लॅपटॉपला तर उरलेल्या पाच आठवड्यांचीच वॉरंटी मिळणार होती. निदान ते ४९ दिवस तरी पुढे जोडून द्या, ही आमची मागणी होती. ती कंपनीने शेवटपर्यंत मान्य केली नाही, आणि मला ती आजही सर्वांत रास्त मागणी वाटते.

या सगळ्यात निर्णायक ठरला तो जॉबशीटचा कागद, म्हणजे काउंटरवर तक्रार नोंदवतात तो. पहिल्या खेपेला भाचीने सांगितलं होतं, “रेंडरिंग लावलं की वीस मिनिटांत बंद पडतो.” जॉबशीटवर उमटलं, ‘स्लो वर्किंग’. घाईत कोणी वाचलं नाही, सही झाली. विंडोज नव्याने टाकून लॅपटॉप परत आला. दुसऱ्या खेपेला ‘पॉवर ऑफ इश्यू’ लिहिलं गेलं. तिसऱ्या खेपेला आम्ही म्हणालो की तीच तक्रार तिसऱ्यांदा आहे, तेव्हा कंपनीच्या नोंदीप्रमाणे ती दुसऱ्यांदाच होती, कारण पहिली तक्रार वेगळी होती. दोन शब्दांमुळे एक खेप हिशेबातून गेली. म्हणून आता मी ज्याला त्याला सांगतो: तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, बंद पडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, तारखा जपा, फोनवर जे ठरेल ते त्याच संध्याकाळी ई-मेलने कळवा. आणि लॅपटॉप हातातून सोडण्याआधी त्यातलं काम दुसरीकडे उतरवून घ्या, कारण डेटाची जबाबदारी कोणतीही वॉरंटी घेत नाही.

काउंटरवरच्या मुलावर ओरडू नये, हेही सांगतो. सर्व्हिस सेंटर बहुधा ठेकेदाराचं असतं, बदलीचा निर्णय दूरच्या कुठल्यातरी कार्यालयात होतो, आणि तो मुलगा “वरून अप्रूव्हल यायला हवं” म्हणतो तेव्हा त्याच्या हातात खरंच काही नसतं. ओरडण्याने कधीकधी काम होतं हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. ओरडणाऱ्याला एच आणि गप्प बसणाऱ्याला यू, अशी वाटणी होणार असेल तर त्याला न्याय म्हणता येत नाही. आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई टोकन धरून बसल्या होत्या. मुलाच्या कॉलेजसाठी घेतलेला लॅपटॉप. त्यांनाही बदली मिळत होती. “तसाच आहे ना?” त्यांनी विचारलं. “हो मावशी, सेमच.” त्यांनी चष्मा लावून सही केली, पिशवीत खोका घातला आणि बसस्टँडकडे निघाल्या. त्यांना मिळालेला खरंच सारखा होता की नव्हता, हे मला माहीत नाही. त्यांनाही नव्हतं. मी उठून विचारायला हवं होतं. मी माझ्याच भांडणात होतो.

त्या बाईंसाठी काय करता येईल? उपाय अवघड नाही. बदली देताना एका कागदावर दोन रकाने असावेत, जुनं आणि नवं. प्रोसेसरचं पूर्ण नाव, मेमरी आणि ती पुढे वाढवता येते का, ग्राफिक्स, पडद्याचा दर्जा, वजन, उरलेली वॉरंटी, आणि वस्तू कोरी की दुरुस्त केलेली. खाली एक ओळ: ग्राहक याचा उपयोग कशासाठी करत होता. जिथे नवं कमी पडतं तिथे फरकाचे पैसे किंवा किंमत परत, आणि निवड ग्राहकाची. नवं सरस निघालं तर ग्राहकानेही ते मान्य करावं आणि आणखी मागू नये. खाद्यपदार्थाच्या पुडक्यावर आत काय आहे ते छापणं सक्तीचं करता येतं, तर हे का नाही? १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, त्यानंतर बारा वर्षांनी देशाला पहिला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. या महाराष्ट्राने मापाचा आग्रह धरून दाखवलेला आहे. तो आग्रह आता सर्व्हिस सेंटरपर्यंत न्यायची वेळ आहे.

तोवर आहे ते हत्यार वापरावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे नोंद झाली की तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर जाते. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील नसला तरी चालतं, मुदत दोन वर्षांची. आम्हाला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. नकार लेखी कळवला, दोन्ही प्रोसेसरांची तुलना जोडली, ३९व्या कलमाचा उल्लेख केला, १९१५ वर नोंद केली. अठरा दिवसांनी दुसरं मॉडेल आलं. प्रोसेसर तोच १२७००एच, ग्राफिक्स कार्ड तेच, पडदा मात्र थोडा कमी प्रतीचा. भाचीने दोन तास चालवून पाहिला. “मामा, घेऊया. कॉलेजात कामाची जूरी पुढच्या आठवड्यात आहे.”

पावतीवर छापलेलं होतं की ग्राहक पूर्ण समाधानी आहे. मी तिच्या हातात पेन दिलं आणि तिने त्या ओळीवर काट मारून खाली मराठीत लिहिलं: ‘पडद्याचा दर्जा व ४९ दिवसांची वॉरंटी याबाबत हरकत राखून स्वीकारले.’ मुलगा तो कागद घेऊन आत गेला. बराच वेळ आला नाही. काचेपलीकडे तो कोणाला तरी फोनवर ती ओळ वाचून दाखवत होता, ‘हरकत राखून’ या शब्दांपाशी दोनदा थांबला. मग बाहेर येऊन त्याने कागदावर शिक्का मारला, झेरॉक्स काढली आणि एक प्रत भाचीला दिली. “मॅडम, असं लिहिता येतं हे मला पण माहीत नव्हतं,” तो म्हणाला, आणि पुढचं टोकन पुकारलं.